दप्तरातला व्हिसा

बँकॉकच्या चेंग वत्थना रस्त्यावरच्या सरकारी संकुलात सकाळी आठला पोचलो, तरी रांगेने तोवर दोन वळसे घेतले होते. इमारत इतकी अवाढव्य की पहिल्यांदा शिरणाऱ्याला विमानतळच वाटावा. खाली जेवणाच्या गाळ्यांची ओळ, त्यांना लागून झेरॉक्सवाले आणि पासपोर्टचे फोटो काढणारे. माझ्यासोबत ठाण्याच्या एक बाई होत्या आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा. मुलाच्या अंगावर शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर.

"हा रोज शाळेत जातो हे दाखवायला आज त्याची शाळा बुडवलीय," बाई म्हणाल्या. मुलगा फोनमधून मान वर न करता हसला. त्याला हा विनोद दरवर्षी ऐकावा लागत असणार.

बाईंच्या हातात प्लास्टिकची निळी फाइल. पासपोर्टच्या शिक्के असलेल्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स. शाळेचं इमिग्रेशनच्या नावाने दिलेलं पत्र. मुलाचा जन्मदाखला, त्याचं थाई भाषांतर. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत द्यायची वर्दी, म्हणजे टीएम-३०, तिची पावती. घराचा हाताने काढलेला नकाशा, त्यात कोपऱ्यावरचं सेव्हन-इलेव्हन न विसरता दाखवलेलं. प्रत्येक कागदावर निळ्या शाईतली सही. काळी केली तर सहीचीच झेरॉक्स वाटते म्हणे. आणि बँकेचं पासबुक. आजच्या तारखेची नोंद हवी म्हणून त्यांनी सकाळी सहाला एटीएममध्ये शंभर बाट भरून पासबुक छापून आणलं होतं.

त्या पासबुकात ५ लाख बाट होते. आपल्याकडचे तेरा-चौदा लाख रुपये धरा. बाईंच्या एकटीच्या नावावर, थाई बँकेत. "हे खर्चायचे नसतात," त्या म्हणाल्या. "नुसते दिसायला हवेत. आमच्याकडे हळदीकुंकवाला चांदीचं तबक काढतात ना, तसं."

बाई थायलंडमध्ये नोकरी करत नाहीत, धंदा करत नाहीत, करूही शकत नाहीत. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर असतात. या देशात राहायला त्यांच्याकडे कारण एकच: त्यांचा मुलगा इथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत नववीत आहे. मुलाचा व्हिसा शिक्षणाचा. त्याच्यावर आईचा.

मुक्कामी गाडी

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'मुक्काम' असा कळवला तेव्हा माझ्या डोक्यात वारी आली, धर्मशाळा आल्या, रात्री गावात मुक्कामाला येऊन पहाटे निघणारी एसटी आली. मी त्या मुक्कामी एसटीवर लिहायचं जवळजवळ ठरवलं होतं. त्याच आठवड्यात सिंगापूरहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या यजमानांची नोकरी गेली होती. "आमचा मुक्काम हलतोय," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "पण सगळ्यांचा नाही हलत."

त्या वाक्याच्या मागे मी आधी सिंगापूरला आणि मग बँकॉकला गेलो.

परदेशी राहणाऱ्या कुटुंबाचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर ठरलेलं असतं. बापाला किंवा आईला तिकडे नोकरी लागते, नोकरीवर व्हिसा मिळतो, आणि मागून बायको किंवा नवरा आणि मुलं 'अवलंबित' म्हणून जातात. मूल आईबापाचं बोट धरून जातं. बहुतेकांच्या बाबतीत हे खरंही असतं. पण नोकरी गेली, बदली झाली, घटस्फोट झाला, किंवा मुळातच फक्त मुलाच्या शिक्षणासाठी बाहेर पडायचं ठरलं, की बोट उलटं धरावं लागतं. मूल विद्यार्थी म्हणून स्वतःच्या नावाने देशात राहतं आणि मोठं माणूस त्याच्या मागे त्याचा सांभाळ करणारं म्हणून. अनेक देशांनी यासाठी वेगळा व्हिसाच ठेवलाय.

मराठीत 'पालक' हा शब्द आईबापांनाही चालतो आणि सांभाळ करणाऱ्यालाही. इमिग्रेशनच्या खिडकीवर ही चैन नाही. तुम्ही आई आहात हे एका कागदाने सिद्ध करायचं, सांभाळ तुम्हीच करता हे दुसऱ्या, आणि सांभाळायला पैसे आहेत हे तिसऱ्या. तिन्ही कागद दरवर्षी नव्याने.

तीस दिवस

मावसबहीण तेव्हा सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्याकडच्या एका कॉन्डोत राहायची. खाली पोहण्याचा तलाव, तलावाकाठी संध्याकाळी हिंदी, तमिळ, मराठी आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलणाऱ्या आया. तिथे कुणाची ओळख करून देताना गावाच्या आधी पास सांगतात. "हे ईपीवर आहेत." "त्यांचा पीआर झाला." पुण्यात जसं आडनाव ऐकून माणसं पुढचं ओळखतात, तसं तिथे पास ऐकून.

ईपी म्हणजे एम्प्लॉयमेंट पास. शिकल्यासवरल्या पगारदार परदेशी माणसाचा हा परवाना, आणि त्याची चौकट गेल्या काही वर्षांत आवळत गेली आहे. २०२५ पासून नव्या अर्जासाठी महिन्याला किमान ५,६०० सिंगापूर डॉलर पगार लागतो, वित्तक्षेत्रात ६,२००, आणि वय वाढेल तशी ही रेषा वर सरकते. चाळिशीतल्या माणसाला पंचविशीतल्यापेक्षा खूप जास्त पगार दाखवावा लागतो. २०२३ च्या सप्टेंबरपासून 'कंपास' नावाची गुणांची पद्धत आली: पगार, पदवी, कंपनीत आधीच कोणत्या देशाचे किती लोक आहेत, स्थानिक लोक किती आहेत, या सगळ्याचे गुण मिळून ४० भरायला हवेत. ज्या कंपनीत आधीच निम्मं हिंजवडी भरलंय तिथे आणखी एका भारतीयाला गुण मिळवणं जड जातं.

ईपीवाल्याचा पगार ६,००० च्या वर असेल तर जोडीदाराला आणि मुलांना डीपी मिळतो, डिपेन्डन्ट्स पास. आईवडिलांना कायम सोबत ठेवायचं तर पगार १२,००० हवा. म्हणजे एकाच छताखाली कोणी राहायचं हे पगाराच्या चिठ्ठीवर ठरतं: सहा हजारांत बायकापोरं, बारा हजारांत आजीआजोबा.

डीपीवरच्या मुलाला आंतरराष्ट्रीय शाळेत जायला वेगळा विद्यार्थी पास लागत नाही. त्यामुळे सगळं सुरळीत चाललेलं असताना या गोष्टीचा कुणी विचारच करत नाही. बहिणीनेही केला नव्हता. तिला डीपीचा एकच काटा टोचला होता, तो २०२१ चा. तोवर डीपीवरच्या बायकांना साध्या संमतिपत्रावर नोकरी करता येई. ती एका बालवाडीच्या कार्यालयात काम करायची. १ मे २०२१ पासून नियम बदलला. नोकरी करायची तर तुमचा स्वतःचा कामाचा परवाना हवा, तुमच्या स्वतःच्या पगाराच्या बळावर. बालवाडीचा पगार तेवढा नव्हता. ती घरी बसली. तलावाकाठी त्या वर्षी अशा बऱ्याच जणी वाढल्या, असं ती सांगते.

मग यजमानांची नोकरी गेली. शेवटचा दिवस उलटला की कंपनी आठवडाभरात पास रद्द करते, आणि पास रद्द झाला की घरातल्या सगळ्यांचे डीपी सोबतच जातात. हातात राहतो तीस दिवसांचा भेटीचा पास. हे तीस दिवस कसे जातात ते बहिणीच्या जावेने मला हातवारे करून सांगितलं. तिच्या घरी हा प्रसंग दोन वर्षं आधी येऊन गेला होता.

पहिलं म्हणजे शेवटचा पगार हातात येत नाही. परदेशी माणूस देश सोडणार म्हटलं की कंपनीने करखात्याला कळवायचं आणि कराचा हिशेब मिटेपर्यंत त्याचे पैसे रोखून धरायचे, असा कायदा आहे. म्हणजे जेव्हा पैशांची सगळ्यात गरज तेव्हाच ते अडकलेले. दुसरं घर. तिथल्या भाडेकरारात एक 'डिप्लोमॅटिक क्लॉज' असतो. नाव राजदूताचं असलं तरी उपयोग आपल्यासारख्यांना. नोकरी गेली, देश सोडावा लागला तर करार मध्येच मोडायची मुभा. पण ती साधारण पहिलं वर्ष उलटल्यावरच लागू होते आणि वर दोन महिन्यांची नोटीस. तिसरं शाळा. बहुतेक शाळा सोडताना एका सत्राची आगाऊ सूचना मागतात. ती द्यायला तुम्हाला नोकरी जाणार हे नोकरी जायच्या आधी कळायला हवं. चौथं सामान. सोफा, फ्रिज, पियानो कॅरोसेल या जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकायचा आणि येईल त्या भावाने द्यायचा. "आपला पियानो तीनशे डॉलरला गेला," जाऊबाई म्हणाल्या, "आणि घ्यायला आलेला माणूसही ईपीवाला. त्याची मुलगी खूश झाली. मी त्याला म्हटलं नाही काही."

बहिणीची मुलगी अकरावीत होती. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, म्हणजे आयबीच्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष. त्या अभ्यासक्रमालाही डीपी म्हणतात, डिप्लोमा प्रोग्रॅम. "आमचा डीपी गेला आणि तिचा डीपी अर्धा राहिला," बहीण म्हणाली. हा अर्धा राहिलेला डीपीच खरी अडचण. ही दोन वर्षं सलग असतात. विषयांच्या जोड्या, प्रकल्प, चार हजार शब्दांचा निबंध, सगळं एका शाळेतल्या शिक्षकांशी बांधलेलं. पुण्या-मुंबईत आयबीच्या शाळा आहेत, पण तेच विषय त्याच पातळीवर मध्यातून मिळतील याची हमी कुणी देत नाही. राज्य मंडळाच्या अकरावीत टाकायचं तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय वैद्यकीयला जायचं मनात असेल तर महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच हवी. दहावी सिंगापुरात झाली तिथेच ते दार लागलं.

म्हणून मुलीचा मुक्काम हलवायचा नाही असं ठरलं. शाळेने 'सोलार' नावाच्या ऑनलाइन पद्धतीतून तिच्या विद्यार्थी पासचा अर्ज केला. यजमान पुण्याला परतले. आणि बहिणीने अर्ज केला तो विद्यार्थी मुलीची आई म्हणून दीर्घ मुदतीच्या भेटीच्या पासचा, ज्याला तिथे सगळे एलटीव्हीपी म्हणतात. दहा वर्षं ती त्या शहरात नवऱ्याची बायको म्हणून राहिली. आता मुलीची आई म्हणून राहते. कॉन्डो सोडला, दोन खोल्यांची जागा घेतली. तलाव तोच आहे. खालच्या मजल्यावरची एक मैत्रीण तिला पाहुणी म्हणून सोडते.

तांदळातलं नाव

हे सगळं ऐकताना मला वाटलं होतं की पैसे हीच मोठी अडचण असणार. सिंगापुरात अमेरिकी किंवा ब्रिटिश धाटणीच्या मोठ्या शाळांची फी वर्षाला चाळीस हजार डॉलरांपलीकडे जाते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा बऱ्याच स्वस्त, तरी आपल्या हिशेबाने महागच. पण जिच्याशी बोललो तिने फीच्या आधी दुसरीच गोष्ट काढली: नाव.

आईचा व्हिसा आई असण्यावर उभा. आई असण्याचा पुरावा जन्मदाखला. आणि आपल्याकडच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कसं लिहिलं जाईल हे नगरपालिकेतल्या कारकुनाच्या आणि रुग्णालयात फॉर्म भरणाऱ्या काकांच्या मर्जीवर. कुणाचं नुसतं पहिलं नाव. कुणाचं नवऱ्याच्या नावासकट. कुणाचं माहेरच्या आडनावाने, कारण बाळंतपण माहेरी झालं आणि फॉर्म मामाने भरला. पासपोर्टवर मात्र चौथंच काही.

बँकॉकमध्ये भेटलेल्या एका नाशिकच्या बाईंची गोष्ट याच्याही पुढची. लग्नात त्यांचं पहिलं नावच बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी उखाणा घ्यायला लावला, पेढे वाटले. शिक्षणाची प्रमाणपत्रं आणि पहिला पासपोर्ट जुन्या नावाने, मुलाचा जन्मदाखला नव्या. थाई अधिकाऱ्याला एवढंच दिसत होतं की हिच्या पासपोर्टवरची बाई या मुलाची आई नाही. "त्याला तांदळाचं कसं सांगू?" त्या म्हणाल्या. शेवटी राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून आणला, नवा पासपोर्ट काढला, सगळ्याचं पुन्हा थाई भाषांतर केलं. सहा महिने गेले. तोवर मुलाजवळ राहायला त्या पर्यटक म्हणून ये-जा करत होत्या आणि प्रत्येक वेळी विमानतळावर पोटात गोळा.

जन्मदाखला नुसता असून भागत नाही, तो खरा आहे असं कुणीतरी वरच्याने म्हणावं लागतं. महाराष्ट्रातला दाखला असेल तर आधी मंत्रालयातला शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा 'ॲपोस्टिल'. भारत या ॲपोस्टिलच्या करारात २००५ साली आला, सिंगापूर २०२१ साली. काही देशांना तेवढा पुरतो, काही देशांना वर त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. मुंबईत फोर्टच्या गल्ल्यांत आणि पुण्यात कॅम्पात या कामाचे एजंट बसलेले असतात. त्यांच्या टेबलांवर मराठी कुटुंबांचे दाखले, लग्नाची प्रमाणपत्रं आणि 'मी अमुक आणि मी तमुक एकच व्यक्ती आहे' अशी प्रतिज्ञापत्रं यांचे गठ्ठे. अशा गठ्ठ्यांतून एखाद्या समाजशास्त्रज्ञाला लग्नसंस्थेवर प्रबंध लिहिता येईल.

आजी चालते, बाबा चालत नाहीत

सिंगापूरच्या विद्यार्थी मुलासोबत राहायचा हा पास कुणाला मिळतो ते नियमात दोन शब्दांत सांगितलंय: आईला किंवा आजीला. बापाला नाही, आजोबांना नाही.

मी हे वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. पण नाही, असाच आहे. याचा उगम ज्या काळात सिंगापूरने आजूबाजूच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना शाळांकडे ओढायचं ठरवलं त्या काळात आहे. चीनमधून लहान मुलं घेऊन बायका आल्या. त्यांना चिनी भाषेत 'पेइदू मामा' म्हणतात, अभ्यासाला सोबत बसणारी आई. त्यांतल्या काहींनी खर्च भागवायला मिळेल ते काम धरलं, मग त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं, मग नियम कडक झाले. पण मुळातली समजूत कायम राहिली: मूल सांभाळणारं माणूस बाई असतं, आणि बाप म्हणजे कमावणारा, तो आला तर नोकरी शोधेल. सरकार कुठलंही असो, बिनपगारी माणूस हवं असलं की त्याला घरातल्या बाईचीच आठवण होते, असं मी बहिणीला म्हणालो. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आणि घरातल्यांना?"

या नियमामुळे मला सिंगापूरच्या पुंगोलमध्ये एक आजी भेटल्या. सांगलीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, आता वय अडुसष्ट. जावई जहाजावर, मुलगी पुण्यात बँकेत अधिकारी. मुलगी रजा टाकून वर्षभर नातीजवळ राहिली, रजा संपली, आणि नातीची दहावी अजून दीड वर्ष लांब होती. मग घरात बैठक बसली. "सगळ्यांनी नियम वाचला आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं," आजी म्हणाल्या.

आजींनी सिंगापूर फार झटपट आपलंसं केलंय. बाजारात कोथिंबीर कुठल्या चिनी बाईकडे जास्त ताजी, बुधवारी कुठे सवलत, लिफ्टमध्ये कुणाला 'आंटी' म्हणायचं, सगळं पाठ. मेट्रोला त्या एमआरटी न म्हणता 'एमार्टी' म्हणतात आणि नात दरवेळी सुधारते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला त्यांनी पस्तीस मुलांना अथर्वशीर्ष म्हणायला बसवलं. "शाळा सुटली पण मास्तरीण सुटली नाही." फक्त एक गोष्ट त्यांना अजून पचलेली नाही. सांगलीत नातीला ओरडताना जो हक्क वाटायचा तो इथे डळमळतो. "हिच्या जिवावर मी इथं," त्या हळूच म्हणाल्या. "ती नापास झाली, शाळेने काढलं, तर मला जावं लागणार. मग ओरडू कुठल्या तोंडाने?"

नात आत अभ्यास करत होती. भिंत पातळ होती.

गिरोगी आणि चाकरमानी

मागे राहिलेल्या बापांना कोरियात एक नाव आहे: गिरोगी आप्पा, हंस-बाबा. बायकामुलं इंग्रजी शाळेसाठी अमेरिकेत, कॅनडात, सिंगापुरात. बाबा सोलमध्ये एका खोलीत, पैसे पाठवतात आणि वर्षातून एकदोनदा उडत जाऊन भेटून येतात. हंस का, तर कोरियातल्या लग्नात लाकडी हंसांची जोडी भेट देतात, जन्मभराच्या निष्ठेची खूण म्हणून. हाँगकाँगमध्ये १९९७ च्या आधी कुटुंबं कॅनडा-ऑस्ट्रेलियात ठेवून स्वतः ये-जा करणाऱ्या नवऱ्यांना 'अंतराळवीर' म्हणायचे.

मराठीत यासाठी शब्द नाही असं मी बहिणीच्या यजमानांना म्हणालो. त्यांना परत आल्यावर पुण्यात भेटलो, कोथरूडच्या त्यांच्या रिकाम्या घरात. मूळचे ते राजापूरचे. ते म्हणाले, "नाही कसा? माझे आजोबा चाकरमानी होते."

गिरणीत नोकरी, लालबागला गाळ्यात पंधरा जणांसोबत पथारी, खाणावळीत डबा, आणि महिन्याची मनीऑर्डर गावी. आजी, मुलं, शेत, गाय सगळं कोकणात. गणपतीला आणि शिमग्याला आठ दिवस. ही व्यवस्था कोकणाने शंभर वर्षं पेलली. "फरक इतकाच," यजमान म्हणाले, "आजोबांच्या वेळी माणूस बाहेर जायचा आणि घर जागेवर राहायचं. आता घर बाहेर गेलं आणि मी जागेवर राहिलो." मनीऑर्डरच्या जागी बँकेचं ॲप आहे. घड्याळ अडीच तासांनी पुढे असल्यामुळे ते कामावरून घरी येतात तेव्हा तिकडे मुलगी झोपायला निघालेली असते. फोनवर रोज एकच प्रश्न विचारायचा राहतो, असं ते म्हणाले: जेवलीस का?

त्यांच्या स्वयंपाकघरात ताटं सहा होती आणि वापरात एक.

बारा पूर्ण होईपर्यंत

बाकीच्या देशांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण वळण वेगळं असलं तरी रस्ता हाच आहे.

ब्रिटनमध्ये मूल चार ते अकरा वर्षांचं असेल आणि फी भरून खासगी शाळेत असेल तर एका पालकाला सोबत राहता येतं. काम करायचं नाही, तिथे कायमचं घर करायचं नाही, आणि मुलाचा बारावा वाढदिवस आला की मुक्काम संपला. बाराव्या वर्षी मूल वसतिगृहात राहण्याजोगं होतं, असं ब्रिटिशांना पूर्वीपासून वाटतं. हा नियम त्याच संस्कारातला.

ऑस्ट्रेलियाचा ५९० क्रमांकाचा व्हिसा त्याच्या उलट. तिथे मूल अठराचं होईपर्यंत सांभाळ करणाऱ्याला राहता येतं, पण नोकरी नाही आणि शिकायचं तर तीन महिन्यांपुरतं. धाकटं भावंड सहा वर्षांच्या आतलं असेल तर त्याला आणता येतं. मोठं असेल तर त्यालाही विद्यार्थी करा, नाहीतर आजीकडे ठेवा.

दुबईत मराठी माणसाला हा प्रश्न सहसा असा पडत नाही. ४,००० दिरहॅम पगार असला, किंवा ३,००० आणि राहायची जागा, तरी कुटुंब आणता येतं. २०२२ पासून मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत बापाच्या व्हिसावर राहू शकतो, अविवाहित मुलगी कितीही. पण त्याच देशाने २०२१ साली असंही जाहीर केलं की बारावीला पंचाण्णव टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्या मुलाला गोल्डन व्हिसा देऊ, आणि त्याच्यासोबत त्याच्या कुटुंबालाही. आपल्याकडे बोर्डात आलेल्या मुलाच्या बापाचा सोसायटीत सत्कार होतो. तिथे बापाचा व्हिसा होतो.

आणि पैसा असेल तर रांगच नाही. थायलंडचं 'प्रिव्हिलेज' सदस्यत्व ६ लाख ५० हजार बाटपासून सुरू होतं, पाच वर्षांसाठी. चेंग वत्थनाच्या त्या इमारतीत अशांना घेऊन येणारा एक कर्मचारी असतो, तो फाइल धरतो. ठाण्याच्या बाईंना मी विचारलं की तुम्ही हे का नाही घेतलं. "ते पैसे परत मिळत नाहीत," त्या म्हणाल्या. "माझे पासबुकातले माझे तरी आहेत."

त्यांचा नंबर साडेअकराला लागला. अधिकारी बाईंनी कागद उलटले, मुलाकडे पाहून थाईत काही विचारलं, मुलाने फडाफडा थाईत उत्तर दिलं. आईला त्यातलं काहीच कळलं नाही. १,९०० बाट, एक शिक्का, एक वर्ष. त्यात दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा; पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत चालतं, चुकलं तर दंड. आणि देशाबाहेर पडण्याआधी पुन्हा शिरण्याचा परवाना काढायचा, एकदाचा १,००० बाट, हवा तेवढ्या वेळचा ३,८००. तो न काढता कुणाच्या लग्नाला मुंबईला गेलात की शिक्का रद्द, सगळं पहिल्यापासून. बाईंच्या सासऱ्यांचं अचानक झालं तेव्हा त्यांनी विमानतळावरच्या खिडकीवर आधी हा परवाना काढला आणि मग रडल्या. हे त्यांनी जरा शरमून सांगितलं.

"त्या काय म्हणाल्या तुला?" बाहेर आल्यावर मी मुलाला विचारलं. अधिकारी बाईंनी विचारलं होतं की तू आईजवळ राहतोस का. तो म्हणाला होता की नाही, आई माझ्याजवळ राहते. "थाईत ते सोपं पडतं," असं म्हणून त्याने पुन्हा फोन काढला.

मुलगी असेल तर फॉर्म, मुलगा असेल तर बैठक

सिंगापुरात या सगळ्या कटकटीवर एक उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: पीआर, म्हणजे कायमचा रहिवास. तो मिळाला की नोकरी गेली तरी तीस दिवसांचं घड्याळ सुरू होत नाही. मग अर्ज का करत नाही, असं मी तलावाकाठी विचारलं, तर एकीने दुसरीकडे पाहिलं. "मला दोन्ही मुली आहेत, मी केला," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आम्हाला मुलगा."

पीआर झालेल्या बापाला स्वतःला लष्करी सेवा लागत नाही. त्याच्यामुळे पीआर झालेल्या मुलाला लागते. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, अठराव्याच्या आसपास भरती, पूर्ण दोन वर्षं. मधेच पीआर सोडून दिलात तर पुढे कधी त्या देशात शिकायचं, नोकरी करायची म्हटलं की ते आड येतं. म्हणून घरात मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की बैठका सुरू होतात. आजोबा फोनवर असतात. काहींना त्यात अभिमान वाटतो; एका सातारच्या काकांनी मला ठणकावून सांगितलं की आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत आहेत, नातू कुठल्या देशाच्या फौजेत यानं काय बिघडतं. त्यांची सून शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, पण अर्ज तिच्या कपाटात गेली दोन वर्षं तसाच आहे, असं तिने नंतर सांगितलं.

एकोणीस दिवस

सिंगापूरहून निघायच्या आदल्या सकाळी पुन्हा पुंगोलला आजींकडे गेलो होतो. नात खाली शाळेच्या बसची वाट बघत होती. आजी तिच्या दप्तराची चेन लावून देत होत्या आणि ती "आजी, मी लावते ना," म्हणत होती. बस गेली. आम्ही वर आलो.

स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं होतं, सांगलीहून आणलेलं. पुढच्या वर्षीचंही आणून ठेवलं होतं, सुरळी करून. त्यात त्यांनी एका तारखेभोवती हिरवं वर्तुळ काढलं होतं, नातीचा शेवटचा पेपर. पुढे दुसऱ्या तारखेभोवती लाल, पास संपण्याचा दिवस. मधले दिवस त्यांनी मास्तरीणबाईंच्या सवयीने मोजून पेन्सिलीने लिहून ठेवले होते: एकोणीस.

"एकोणीस दिवसांत काय काय करणार?" मी विचारलं.

"गाद्या मंडळातल्या एका मुलीला देणार आहे, तिचं बाळंतपण आहे. टेबल विकायचं. मिक्सर इथल्या प्लगचा, तो इथंच." त्यांनी ओट्याकडे पाहिलं. तिथे पाच लिटरचा, कडेला काळा पडलेला कुकर होता. "हा मात्र नेणार. वजन जास्त होतंय म्हणून लेक ओरडेल. ओरडू दे, तिथं मी कुणाच्या पासवर नसणार."

मग त्यांनी मला शिट्ट्या मोजायला सांगितल्या आणि कोथिंबीर निवडायला घेतली.